तिच्या बोटाच्या मापाने

पेटीचं झाकण काढलं की आधी वास येतो. जुन्या सागवानाचा, कातड्याचा, आत साचलेल्या कितीएक उन्हाळ्यांच्या धुळीचा. पौषातल्या त्या दुपारी वालूरला, धाकट्या बहिणीच्या ओसरीवर, त्यात पलीकडच्या रानातला हुरड्याचा धूर मिसळला होता. सुलभा तिथल्या शाळेत गाणं शिकवते. मी परभणीत बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो, आणि पट्टीला किती दाब हवा हे माझ्या बोटाइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असा माझा तोरा होता.

प्रत्येक पट्टीमागे एक तार असते. ती हवेचं भोक बंद धरून ठेवते. चिमट्याने तिचा ताण कमी केला की पट्टी हलकी होते. गेल्या वर्षी आषाढात सुलभाने पट्ट्या जड लागतात म्हटलं, तेव्हा मी दाबून पाहिल्या, मला त्या अगदी बेताच्या लागल्या, आणि तुझा रियाज सुटलाय, असं मी तिला सुनावलं. मग चहाचा कप तिने दोन्ही हातांनी उचलला, आणि मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी स्नायू झिजण्याचा आजार सांगितला, त्यावर औषध नाही हेही सांगितलं. तेव्हापासून दर महिन्याला वालूरला जाऊन, तिच्या उजव्या हातात जेवढं बळ उरलं असेल त्या मापाने मी तारा सैल करत आलो. माझं बोट आता लावत नाही. तिचंच बोट पट्टीवर ठेवून पाहतो.

त्या दुपारी तिचं बोट पट्टीवर नुसतंच टेकून राहिलं. मी तार सैल केली, आणखी सैल केली. तिने डाव्या हाताने भाता हलवला, आणि त्या पट्टीचा सूर, मध्यम, कुणी न दाबताच वाजू लागला. भोक झाकण्याइतकाही ताण त्या तारेत राहिला नव्हता. ताण वाढवला तर ती पट्टी तिला पुन्हा कधीच दाबता येणार नव्हती. नाही वाढवला तर तिच्या प्रत्येक गाण्यात तो मध्यम घुसणार होता. मी घाबरून तार पुन्हा ताणायला चिमटा उचलला.

“राहू दे, दादा,” ती म्हणाली. “मी न दाबता वाजायलाय, असा तेवढा एकच सूर हाय.”

ती भाता हलवत राहिली. उजवा हात मांडीवर पडून होता. आजार डाव्या हातालाही गाठणार, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला ते ठाऊक आहे का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि तिच्या डाव्या हाताकडे न बघता मी तो सूर ऐकत बसलो.