ओळ कोणाच्या तोंडी

मी माझ्याच माणसांना माकडं म्हटलं. रागानं नाही, चालीवर. ढोलाच्या ठेक्यात, मान वेळावत. आणि वर मनात म्हणाले, वा गं बाई, काय जोडलंस!

सतरा वर्षांची होते. अक्कल होती-नव्हती ती सगळी अंबाड्यात फुलासोबत खोवलेली.

लोणावळ्यातला बंगला. हिरवळीवर वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांत दिवाळीच्या सुट्टीला आलेले मुंबईचे पाहुणे. आम्ही कुरवंड्याच्या वरच्या ठाकरवाडीतून उतरलेल्या अकरा बाया आणि ढोलावर माझा मामा. मामा त्या बंगल्यावर गवत कापायला जायचा. साहेब त्याला म्हणाले होते, "तुमचा तो नाच घेऊन ये रे एकदा." मामाला वाटलं, मान मिळाला. आम्हालाही वाटलं. ठेवणीतली लुगडी नेसून, पायांना तेल चोळून गेलो.

फाटकातच बाईसाहेबांनी नाक मुरडलं. "ही लुगडी नकोत गं. सगळं बाजारातलं वाटतं. जरा जंगलातलं दिसू द्या."

माळ्यानं बागेतल्या शोभेच्या झाडांची रंगीत पानं तोडली, सुतळीत ओवली आणि आमच्यापुढं टाकली. कमरेला बांधा म्हणे. आमच्यात कुणी पानं नेसत नाही. माझ्या आजीच्या आजीनंही नेसली नव्हती. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. पहिली कुणी बांधली? मी. बांधून वर एक गिरकीही घेतली. बाईसाहेब हसल्या, मी फुलले.

आता आमच्या फेराचा कायदा सांगते, म्हणजे माझा गाढवपणा पुरता कळेल. फेराला ठरलेलं गाणं नसतं. मधे एक बाई उभी राहते. डोळ्यांना दिसेल, मनात येईल, त्याची ती तिथल्या तिथं ओळ जोडते. भोवतीच्या बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून फिरतात आणि ती ओळ उचलतात. उचलायचीच. आवडो, न आवडो. मधली नवी ओळ देत नाही तोवर जुनीच फिरत राहते आणि तिनं हात वर केल्याशिवाय पाय थांबत नाहीत.

आमची मधली म्हणजे माझी मावशी, आईची थोरली बहीण. तिची ओळ ऐकायला खालच्या औंढे गावची माणसं चढून यायची. त्या दिवशी तिचा घसा बसला होता. मला म्हणाली, "तू ऱ्हा मदी. डोळं उघडं ठेव."

डोळे उघडेच होते. पण ते सगळे खुर्च्यांकडे.

आधी दोनचार ओळी डोंगरावर जोडल्या, भातावर जोडल्या. पाहुणे जांभया द्यायला लागले. साहेब म्हणाले, "अगं, तुम्ही कशा राहता, काय खाता ते गा की. गंमत येऊ दे."

मग मी गंमत आणली.

"मावशीच्या तोंडात दात न्हाई येक,
खेकडा म्हनतो गं, मला चावून देख!"

खुर्च्या खदखदल्या. फेरानं ओळ उचलली. मावशीनंही उचलली. बसलेल्या घशानं, स्वतःच्या बोळक्या तोंडानं, माझ्याकडे बघत. तिथं थांबायला हवं होतं. पण मला हशा चढला होता. ताडी परवडली.

"आमी गं ठाकरं, डोंगरची माकडं,
पानं नेसली तरी आंग उघडं!"

टाळ्या. एका जाड्या पाहुण्यानं बशीतल्या भाजलेल्या शेंगा मूठभर उचलल्या आणि फेरात भिरकावल्या. घाटातल्या माकडांना मोटारीतून फेकतात, तशा. साहेबांनी दुसरी मूठ फेकली. "उचला, उचला! माकडं उचलतात की!"

बायांचे पाय थांबले नाहीत. शेंगा पायाखाली फुटत होत्या.

मी वाकले. एक शेंग उचलली, दातांत धरली. काख खाजवली. दात काढले.

हे लिहिताना आज या म्हातारीचा हात थांबतो. पण लिहिते. कुणी मारलं नव्हतं, कुणी मान दाबली नव्हती. मी आपण होऊन वाकले.

वाकल्यामुळं कान खाली आले. तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. अकरातल्या दहा जणी गात होत्या, आमी गं ठाकरं, डोंगरची माकडं. पुन्हा. पुन्हा. मी नवी ओळ देत नव्हते, म्हणून त्यांना तीच गावी लागत होती. एकीचे डोळे वाहत होते. मावशीच्या आवाजातून नुसता वारा येत होता, तरी ओठ हलत होते. त्यांना त्या ओळीत मी कोंडलं होतं. किल्ली माझ्या तोंडात आणि तोंडात शेंग.

थुंकले. सरळ झाले. दोन फेरे तसेच गेले. मग खुर्च्यांकडे बोट करून म्हटलं,

"शेंगा फेकतो त्यो, दात दावतो कोन?
खुर्चीवर चढली माकडं गं दोन!"

मामाचा हात ढोलावर थबकला. त्याची भाकरी त्याच हिरवळीत होती. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग असा ठोका दिला की बशा हलल्या. फेरानं ओळ उचलली.

साहेब उठले. "बंद करा हे! बंद!"

मी हात वर केला नाही. पानं सोडून हिरवळीवर टाकली आणि गात गात फाटकाबाहेर पडलो. मागून साहेब मामाला म्हणाले, "उद्यापासून इथं पाय ठेवू नकोस."

मामा खाणीवर दगड फोडायला गेला. तिथं दगडाची कपची उडून त्याचा एक डोळा गेला. तो मला कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर बंगलेवाल्यांची बोलावणी पुष्कळ आली. मी एकच सांगत आले. बघायचं तर वाडीवर या. चपला काढा. फेरात हात द्या. खुर्ची आणायची नाही. बहुतेक परत फिरले. फिरू देत. मी मेल्यावरही पोरींनी हेच सांगायचं आहे.

पण त्या दिवशी चढण चढताना मी भलतीच ताठ होते. मूर्खपणा एका दुपारीत जात नाही. मीच विचारलं, "मावशी, शेवटची वळ लय झ्याक व्हती ना?"

मावशी थांबली. कमरेला अडकलेलं एक पान काढून तिनं माझ्या हातात दिलं.

"व्हती. पर त्येनं शेंगा टाकल्या, माकड म्हनला, त्ये समदं मागनं. माकड आदी तू म्हनलीस, आन् माज्या तोंडातनं म्हनवलंस. आता पुन्ना मदी उबी ऱ्हाशील, तवा खुर्चीकडं बगू नगं. तुजी वळ कोनाच्या तोंडी जानार, तिच्याकडं बग."