न उठणारी बाई

"तिलाच द्या ना ते काम, काजळ तरी वाचेल!"

मी जिना चढून दाराशी आले तेव्हा आतून हे ऐकू आलं. बोलणारी आमच्या नाटकाच्या प्रवेशात रेल्वेच्या गार्डचं काम करणारी मुलगी होती, भावाचा कोट घालून बसलेली. मला पाहताच तिनं जीभ चावली. मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले. माझा वर्ण मला कुणी नव्यानं सांगायला नको होता.

गिरगावातल्या आमच्या स्त्रीसभेत चैत्रातल्या हळदीकुंकवाला मुली छोटे नाट्यप्रवेश करत. पुरुष नसत, म्हणून घरच्यांची हरकत नसे. प्रवेश बहुतेक पुराणातले. त्या वर्षी एक मी लिहून दिला होता. वडिलांकडे येणाऱ्या इंग्रजी साप्ताहिकात अमेरिकेतली एक बातमी होती. एक काळी शिक्षिका तिकीट काढून आगगाडीत बायकांच्या डब्यात बसली. गार्ड म्हणाला, ही जागा गोऱ्या बायकांची, तू मागच्या डब्यात जा. ती उठली नाही. शेवटी पुरुषांनी तिला ओढत खाली उतरवलं, आणि तिनं कोर्टात फिर्याद लावली.

प्रवेश मी आधी इंग्रजीत लिहिला. घरात वडिलांखेरीज ते कुणी वाचणार नव्हतं, म्हणून हात मोकळा चालला. मग मराठीत उतरवला, तेव्हा ती बाई आमच्याच आळीत राहणारी वाटू लागली आणि मला धडकी भरली.

सभा चालवणाऱ्या काकूंना तो आवडला होता. त्या शिक्षिकेचं काम त्यांनी खरंच मला दिलं. खुर्च्या ओळीनं मांडून डबा झाला.

"पण शेवट कोरडा आहे गं," काकू म्हणाल्या. "शेवटी ती रडत उठते आणि एक मडम तिला पोटाशी धरते, असं करू. बायकांना डोळ्यांना पदर लावायला काही नको का?"

"आणि मी काय नुसतीच खेकसत उभी राहू?" गार्ड म्हणाली. "मी हिला ओढून काढते की!"

"तू गप. कोटाची बाही उसवशील, मग भाऊ तुलाच ओढील."

सगळ्या हसल्या. मीही हसले. काकूंना नाही म्हटलं तर प्रवेश बसणार नव्हता, आणि मला पुन्हा कुणी काही लिहायला सांगणार नव्हतं, हे कळत होतं. पण मी जन्मभर उठतच आले होते. पाहुणे आले की पाटावरून, वडीलधारं कुणी दिसलं की खिडकीतून, शाळेत मडमेच्या मुलीला जागा हवी झाली की बाकावरून. न उठणारी एक बाई मला सापडली होती. तिला मडमेच्या कुशीत रडायला लावायला मी तयार नव्हते.

तालीम सुरू झाली. "ऊठ!" गार्ड ओरडली. मी बसून राहिले.

"हं, आता रड, आणि ऊठ," काकू म्हणाल्या. मी हलले नाही. "अगं, तुलाच सांगतेय. तोंडातून शब्द काढशील तर शपथ!"

मी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काकू, ती उठत नाही. ओढून नेतात, तरी ती आपणहून उठत नाही. असाच करायचा असेल तर मी करते. नाहीतर माझा प्रवेश मला परत द्या."