चौथं कडवं

माझ्या सासूबाईंचे मामा जितके चिडतात तितकं चिडायला अख्ख्या नाशिकमध्ये दुसऱ्या कुणाला जमणार नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की तितका हक्कही दुसऱ्या कुणाला नाही. ते टीव्हीवर चिडतात, हॉटेलवर चिडतात, नाशिक रोडला गाडी वेळेवर आली तरी चिडतात. एकदा मिसळ सांगितल्या सांगितल्या समोर आली, तर त्यांनी वेटरला सुनावलं, "अरे, मी अजून बोलतोय. तुला घाई कसली?" बिचारा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. लोकांना हा चक्रमपणा वाटतो. वाटू दे. त्यामागे काय आहे ते मला माहीत आहे, आणि कळल्यापासून मीही चिडते.

मामा तरुणपणी गावोगाव फिरणाऱ्या एका संगीत नाटक कंपनीत विनोदी नट होते. राजाचं काम करणारा गायचा, वन्स मोअर घ्यायचा, हार घालून घ्यायचा. जाहिरातीत त्याचं नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढं. आणि मामांचं? 'व इतर'. माणसाची सगळी कारकीर्द या दोन शब्दांत कोंबली! त्यांच्या वाट्याला पद एकच, तेही कशासाठी? तर राजाला पोशाख बदलायला आणि मागे महालाचा देखावा लावायला वेळ लागायचा म्हणून. तोवर लोकांनी चुळबुळ करू नये, यासाठी रंगवलेल्या रस्त्याचा पडदा पुढे सोडायचा आणि मामांनी त्याच्यासमोर नवरदेवाच्या वेशात नाचत गायचं. महाल उभा राहिला की आतून मॅनेजर शिट्टी मारणार. शिट्टी झाली की ओळ अर्धी का असेना, मामांनी मुजरा करायचा, गिरकी घ्यायची आणि विंगेत जायचं. पदाला कडवी चार. पहिल्यात नवरदेव मुलीचं घर शोधतो, दुसऱ्यात शेजाऱ्याला पत्ता विचारतो, तिसऱ्यात दार वाजवतो. चौथं कडवं कुणी कधी ऐकलंच नाही. कंपनीचे सुतार भारी हुशार, महाल दर खेळाला तिसऱ्या कडव्यातच तयार! पुढे कंपनी बुडाली, मामा एका कापडदुकानात नोकरीला लागले, म्हातारे झाले, पण तो नवरदेव अजून दाराबाहेरच उभा आहे.

"मामा, दार उघडतं की नाही तेवढं तरी सांगा," मी किती वेळा विचारलं असेल.

"सूनबाई, पद सांगायचं नसतं, म्हणायचं असतं. आणि म्हणायचं ते लोकांपुढे. स्वयंपाकघरात नाही."

स्वयंपाकघरात तर त्यांना बोलताही येत नाही. गप्पा ऐन रंगात असताना कुकरची शिट्टी झाली की मामा शब्द तोडून उठतात, छोटीशी गिरकी घेतात आणि थेट गॅलरीत जातात. तिथे गेल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात येतं, मग कुकरला, डाळीला आणि मला मिळून शिव्या. म्हणून ते आले की मी डाळ पातेल्यात शिजवते. वेळ लागतो, गॅस जळतो, पण निदान माणसाचं वाक्य तरी पुरं होतं.

गेल्या हिवाळ्यात इथल्या एका मंडळाने जुन्या कलावंतांचा सत्कार ठरवला. यादीत मामा नाहीत! माझ्या माहेरी, चांदवडला, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणासमोर कसं बोलायचं हे मी शिकून घेतलंय. मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले आणि बोलले. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "बरं ताई, त्यांनाही शाल देऊ. पण गाणं दोनच मिनिटं हं. पाहुण्यांना पुढे जायचंय."

"पाहुण्यांना कुठे जायचंय ते जाऊ द्या. चारही कडवी होतील, नाहीतर शाल तुम्हीच पांघरा." हा निरोप मामांचा होता. मी फक्त तो जरा मोठ्या आवाजात सांगितला.

सत्काराच्या संध्याकाळी मी काळजी घ्यायची म्हणजे किती घ्यावी! मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलांना आधीच जाऊन दम दिला, "टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा. शिट्टी मारली तर गाठ माझ्याशी आहे." मामा उभे राहिले आणि पंचाऐंशीच्या घरातला माणूस चक्क नवरदेव झाला. पहिल्या कडव्याला लोक हसले, दुसऱ्याला डोलले, तिसऱ्याला मामांनी हवेतलं दार असं काही वाजवलं की सगळं सभागृह गप्प झालं. आता उघडणार! एवढ्यात बाहेर पार्किंगमध्ये वॉचमनने पाहुण्यांची गाडी काढायला शिट्टी फुंकली. मामांनी मुजरा केला, गिरकी घेतली आणि विंगेत गेले.

लोकांना वाटलं, पद संपलं. काय टाळ्या पडल्या! निवेदिकेने लगेच पुढचं नाव पुकारलं. मी विंगेत धावले, तर मामा भिंतीला टेकून उभे होते.

"परत जा ना मामा! मी सांगते त्यांना."

"नाही गं. महाल लागला."

बाहेर येऊन मी वॉचमनला असं झापलं की तो टोपी काढून उभा राहिला. मामांनी माझा हात ओढला. "त्याला कशाला बोलतेस? त्याचं कामच ते."

मी मामांना घेऊन रिक्षाने घरी निघाले. द्वारका चौकात नेहमीसारखं सगळं तुंबलेलं होतं, मध्यभागी ट्रॅफिक पोलीस शिट्टीवर शिट्टी मारत होता. एका शिट्टीला मामा दचकून अर्धवट उठले, डोकं रिक्षाच्या टपाला आपटलं, खाली बसले. उठून जायला विंगच नव्हती. मग त्यांनी पोलिसाकडे रागाने पाहिलं, "वाजव लेका, वाजव," म्हणाले, आणि त्या शिट्ट्यांवर आवाज चढवून चौथं कडवं म्हटलं. दार उघडतं. आत मांडव उतरवत असलेला म्हातारा विचारतो:

"लगीन झालं काल पाहुण्या, लाडू उरले दोन,
बस उंबऱ्यावर, खा नि सांग, आहेस तरी तू कोण?"

रिक्षावाला पूर्ण मागे वळून बसला होता. "लय भारी, बाबा! मग? काय सांगितलं त्यानं?"

"काही नाही. लाडू खाल्ले." मामा बाहेर बघत म्हणाले, "संपलं पद."

तेव्हापासून मामा चिडलेले नाहीत. टीव्ही बघतात, येईल ती मिसळ खातात, सगळ्याला "असू दे" म्हणतात. घरचे खूश आहेत, "स्वभाव निवळला" म्हणतात. मला हे अजिबात पसंत नाही. काल ते आले तेव्हा मी मुद्दाम कुकर लावला आणि त्यांच्यासमोर भाजी निवडत बसले. कंपनीच्या गोष्टी ऐन रंगात आल्या आणि शिट्टी झाली. मी हातातली मेथी तशीच धरून त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

"डाळ झाली वाटतं," मामा म्हणाले, आणि गोष्ट पुढे सांगू लागले.