छपराला चिकटवलेला कागद

माझ्या अब्बांना उभ्या जुन्नरात एकच जिवाचा दोस्त होता, आणि तो मी तोडला. भांडून नाही. एका शब्दानं. तो माणूस सुतार. आमची कागद्यांची आळी जिथं संपते तिथं त्याचं दुकान. दोघं एकमेकांना 'भाऊ' म्हणायचे, मी त्यांना सुतारकाका म्हणायचो. दिवस उतरला की दोघं आमच्या ओट्यावर बसत, आणि अब्बा दुसऱ्या कुणाशी हसले नसतील तेवढे त्यांच्याशी हसत.

आमचा धंदा हातानं कागद करायचा. माल विकायला निघालं की आठ-दहा दिवस घर सुटायचं, म्हणून सुतारकाकांनी अब्बांना एक गाडी बांधून दिली होती. बैलगाडीच, पण चारी बाजूंनी फळ्या, वर फळ्यांचंच उतरतं छप्पर, आत निजायला बाक आणि बाकाखाली कागदाचे गठ्ठे. वाटेत लोक चेष्टा करायचे, "मियाँ, घर घिऊन कुटं निगाला?"

त्या वर्षी अब्बांचे हात गेले. बोटं वाकडी झाली, हौदातून साचा उचलवेना. उचलवत होतं तोवर त्यांनी जे ताव काढले, तोच शेवटचा माल. तो घोडेगावच्या जोशीबुवांसाठी होता. बुवा पत्रिका आमच्याच कागदावर लिहायचे. पण गिरणीचा कागद गावोगाव पोचला होता, आणि बुवांनी निरोप धाडला की दसऱ्याआधी माल आला नाही तर ते गिरणीचा घेतील. अब्बा तापानं पडलेले. म्हणजे जायचं मलाच.

गाडी बाहेर काढली तर छपराच्या कोपऱ्यात सांधा उघडलेला, आणि खालची फळी काळी पडलेली. अंगठा दाबला की आत जायचा. मी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी फळीला नख लावलं, वास घेतला.

"वरनं काई लावू नगा," ते म्हणाले. "लाकूड आतनं वलं हाय. आठ दिस गाडी उनात उगडी ठिवा. वल बाहेर पडली की ही फळी काढतो, नवी बसवतो, सांध्यात राळ भरतो न् वर जवसाचं तेल देतो. घाई केली तर वल आत कोंडंल."

आठ दिवस! भादव्यात आठ दिवस ऊन कुठून आणायचं? मला वाटलं, म्हातारा काम लांबवतोय. माझा स्वभावच तसा, कुणी थांब म्हटलं की पायाला खाज सुटते.

मग मी ते केलं जे फक्त कागदीच करील. घरात खळ तयारच असायची, तावांना लावायला. मी त्या ओल्या सांध्यावर आमच्याच कागदाचे तीन थर चिकटवले, दगडानं घोटले आणि वर तेलाचे दोन हात दिले. घागरभर पाणी ओतून पाहिलं. आत थेंब नाही. काय सांगू, मला माझाच अभिमान वाटला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझे तर जुंपलेले होते.

निघताना अब्बांनी अंथरुणातून विचारलं, "भाऊनं छप्पर पाहिलं ना?"

"पाहिलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

मंचरच्या अलीकडे हस्ताच्या पावसानं गाठलं. दुपारभर कोसळत होता आणि मी आत कोरडा बसून सुतारकाकांना मनात हसत होतो. गळकं छप्पर निदान सांगतं तरी. माझ्या कागदानं एक थेंब खाली सोडला नाही, पण आतली ओलही बाहेर पडू दिली नाही, फळीतच कोंडून ठेवली. फळी आधीच कुजकी. ती एकदम बसली, आणि धो धो पाणी बाकावर आणि गठ्ठ्यांवर आलं. गठ्ठे सोडले तेव्हा खळ सुटून ताव एकमेकांना चिकटले होते. एकही सुटा निघेना. मी रस्त्यात उभा राहून रडलो.

घरी आणून ते अब्बांपुढं ठेवले. त्यांनी वाकड्या बोटांनी एक कोपरा सोलायचा प्रयत्न केला, तो फाटला. मग विचारलं, "पण भाऊनं सांधलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "त्यांनीच."

संध्याकाळी सुतारकाका नेहमीसारखे आले. अब्बांनी तोंड भिंतीकडे केलं. काका ओट्यावरून उतरले, गाडीपाशी गेले, छपरावरचा लोंबता कागद नखानं उचलून पाहिला. त्यांना सगळं कळलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेले. त्यानंतर ते आमच्या ओट्यावर आले नाहीत.

गाडी मी पिंपळवंडीच्या दुसऱ्या सुताराकडे नेली. त्यानं शब्दाला शब्द तेच सांगितलं. दिवाळीच्या उन्हात गाडी उघडी ठेवली, मग नवी फळी, राळ, तेल. दर उन्हाळ्यात मी सांधे तपासून तेल देत गेलो. ते छप्पर पुन्हा कधी गळलं नाही. ओटा मात्र चार वर्षं रिकामा राहिला. अब्बा दिवस उतरला की तिथं एकटेच बसत आणि मी आतल्या खोलीत काहीतरी काम काढून घेई.

अखेरच्या दुखण्यात अब्बा म्हणाले, भाऊला बोलाव. काका लगेच आले, रंधा हातात तसाच. खाटेशेजारी खाली बसले.

"भाऊ," अब्बा म्हणाले, "तुझ्या हातनं आयुष्यात एकदा काम चुकलं, आणि मी चार वर्षं मनात धरलं. मी माफ केलं तुला. तूही मला कर."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. अब्बांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"लई चुकलं भाऊ माझं," ते म्हणाले.

अब्बा शुद्धीत होते. त्यांना नीट ऐकू येत होतं. मी दारात होतो, चार पावलांवर. मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "काका, पान देऊ का?"