अण्णाची करवत आणि माझे रविवार

फोनवर अण्णाचं नाव दिसलं आणि मी तो लगेच उचलला नाही. दिवाळी नुकतीच संपली होती, सकाळची वेळ होती, हातात पुस्तक होतं. अण्णा, माझा थोरला भाऊ, रविवारी येतेस का विचारणार हे ठाऊक होतं आणि त्याला सांगायचं कारण अजून जुळलं नव्हतं. गुडघेदुखी मागच्या खेपेला सांगून झाली होती, पाहुणे त्याच्या आधी. हातातलं पान संपवलं, वाचक मंडळाची बैठक आहे असं सांगायचं ठरवलं आणि मग फोन लावला. पलीकडे वहिनी होत्या. "बायो, हे गेले गो," एवढंच म्हणाल्या. चहाचा कप घेऊन पडवीत बसला होता, तिथेच... हृदयविकाराचा झटका. बैठकीचं ते वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं.

अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचा. निवृत्तीनंतर वहिनींना घेऊन तो गावच्या घरी राहायला गेला आणि वडिलांनी लावलेली हापूसची कलमं त्याने हातात घेतली. बाग आम्हा दोघांच्या नावावर आहे, पण माझा तिच्याशी संबंध मे महिन्यात आंब्याची पेटी घरी येण्यापुरता. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. रत्नागिरीतल्या माझ्या दोन खोल्यांतही पुस्तकंच जास्त आहेत. गाव एसटीने अर्ध्या तासावर. लांब नाही, हे इथे मुद्दाम लिहिते.

गेली काही वर्षं बागेत बांडगूळ फार वाढलं होतं. पक्ष्यांनी टाकलेलं चिकट बी फांदीवर रुजतं, त्याची मुळं फांदीत शिरतात आणि मग कलम स्वतःऐवजी त्यालाच पोसत बसतं. ओरबाडून ते जात नाही. जिथे बसलं असेल त्याच्या खालून फांदीच कापावी लागते. पूर्वी अण्णा कमरेला कोयती लावून सरसर चढायचा. डॉक्टरांनी झाडावर चढायला मनाई केली आणि त्याने, गणपती झाल्यावर, बॅटरीवर चालणारी एक छोटी चेनसॉ मागवली. स्वस्तातली, वीतभर पात्याची, एका हातात धरायची. खोकं उघडलं त्या दिवशी मी तिथेच होते. अण्णाने वाळक्या काजूच्या फांदीवर ती लावली. आवाज मोठा झाला, धूर निघाला, फांदीवर नुसता ओरखडा उठला.

"अण्णा, हे खेळणं आहे," मी म्हणाले.

"दहापैकी तीन," तो चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला. "तेही खोक्याच्या रंगाला. पण नापास नाही करायचं हो. जन्मभर मठ्ठ पोरं शिकवली, त्यात हे एक."

मग त्याच्या लक्षात आलं की साखळीच उलटी बसवलेली होती, दाते मागच्या बाजूला. सुलटी केल्यावर ओल्या आंब्याची मनगटाएवढी फांदी लोण्यासारखी कापली गेली. अण्णा लहान मुलासारखा हसला. मी बसची वेळ बघत होते.

त्यानंतर फोनवरून त्या यंत्राची प्रगती कळत राहिली. साखळी दर चार फांद्यांनंतर सैल पडते. स्क्रू बदलला, आता बरी आहे. साखळीला तेल आपोआप जात नाही. वरून थेंब सोडावे लागतात. इंजिनचं तेल कलमांवर पडायला नको म्हणून त्याने खोबरेल वापरून पाहिलं. "करवतीला रविवारचं न्हाणं घातल्यासारखा वास येतो," असं सांगून स्वतःच हसला. मूठ घामाने निसटते म्हणून मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासेमारीच्या जाळ्याची बारीक दोरी आणून मुठीवर घट्ट गुंडाळली. भुसा उडतो म्हणून रिकाम्या कॅनचा तुकडा कापून बाजूला बसवला. मी 'हो का' म्हणत ऐकायचे. फोन स्पीकरवर टाकून वाचतही असायचे. शेवटी त्याचं ठरलेलं, "रविवारी येतेस ना? मोहर यायच्या आत करायला हवं. दोन माणसं लागतात गो. एक कापायला आणि एक खाली उभं राहून फांदी कुठे पडते ते सांगायला." आणि माझंही ठरलेलं, "या नाही अण्णा, पुढच्या रविवारी येते."

खाली उभी राहणारी मी, असं मी धरून चालले होते. त्याची बडबड ऐकत तासन्‌तास मान वर करून उभं राहायचं... त्याचाच मला कंटाळा होता. दुसरं काही नव्हतं. रविवार मला माझ्या खुर्चीत हवा होता.

दिवसकार्य आटोपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा गावी गेले. अण्णाची करवत पडवीतल्या खुंटीवर होती. वहिनी म्हणाल्या, "एकदा चालवून बघ. नाहीतर भंगारवाल्याला देते. मला बघवत नाही ती." मी ती उजव्या हातात घेतली. खरं तर मी डावखुरी. पण कात्री काय, कोयती काय, सगळं उजव्यांसाठीच घडवलेलं असतं. त्यामुळे नवीन वस्तू उजव्या हातात धरायची मला लहानपणापासून सवय. ही मात्र चालू होईना. चाप दाबण्याआधी अंगठ्याने एक बटण आत दाबायचं असतं, ते अंगठ्याच्या जागी नव्हतंच. मूठही बोटांत बसेना. अण्णाने बिघडवून ठेवली, असं मनात आलं आणि जवळजवळ तोंडातून बाहेरही पडलं.

"अगो, कुठल्या हातात धरल्येस?" वहिनी म्हणाल्या.

मी हात बदलला. डाव्या अंगठ्याखाली बटण आलं. मुठीवरच्या दोरीचे उंचवटे माझ्या बोटांच्या मध्ये बसले. डाव्या हातात धरल्यावर भुसा अंगावर उडाला असता. नेमका त्याच बाजूला कॅनचा तुकडा होता. पंगतीत बसताना माझं डावं कोपर कुणाला लागू नये आणि कुणी मला हसू नये, म्हणून लहानपणी अण्णा मला नेहमी कडेच्या पाटावर बसवायचा आणि स्वतः माझ्या उजवीकडे बसायचा. ते मी विसरले होते.

"मी विचारलं होतं यांना," वहिनी सांगत होत्या, "हे उलटं काय करत बसलात? तर म्हणाले, बायोसाठी सुलटं करतोय. माझे हात आता वर राहत नाहीत, दम लागतो. ती कापेल, मी खाली उभा राहून सांगेन. म्हटलं, मग सांगा की तिला तसं. तर म्हणे, नको, आली की हातात देतो, बघू ओळखते का."

मी मूठ उजव्या हातात घेऊन पाहिली, मग परत डाव्या.

"दर शनिवारी संध्याकाळी बॅटरी चार्जिंगला लावायचे," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सगळे मला सांगतात, तू आली असतीस तरी झटका यायचा तो आलाच असता. खरं असेल. पण तो खाली उभा राहून "जरा डावीकडे, बायो, जरा डावीकडे" म्हणाला असता, आणि एकदा तरी माझ्या हातात ती मूठ बसलेली त्याने पाहिली असती. ते राहून गेलं, त्याला झटका हे उत्तर होत नाही.

आता मी जाते. जमिनीवरून हात पोचतो तेवढी बांडगुळं काढली. अण्णाच्या जागी वहिनी उभ्या राहतात. त्यांना फांदीचं काही कळत नाही, नुसतं "सांभाळ गो" म्हणतात. करवत तापली की खोबरेलाचा आणि ओल्या आंब्याच्या लाकडाचा वास येतो. वरच्या फांद्यांवरची बांडगुळं तशीच आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला मोहर आलाय. यंदा उशीर झाला.

अण्णाचा फोन आता वहिनी वापरतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी माझ्या फोनवर अण्णाचं नाव येतं. हातात पुस्तक असलं तर मी ते पालथं घालते आणि फोन उचलते.

"बॅटरी लावल्येय हो," वहिनी म्हणतात.