झोक्यावर बसू नये

धुळ्यात देवपुरातल्या कमलबाईंना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरच्या झोक्यासाठी न्यायला कधी कोणी आलं नाही. पाचोऱ्याकडून त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आई नव्हतीच. त्याच वर्षी वडीलही गेले आणि भाऊ वाट विसरला. पहिल्या आखाजीला चुलीपाशी डोळे पुसत बसलेल्या या नव्या सुनेला शेजारच्या बायांनी ओढत नेलं आणि मोकळ्या जागेतल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसवलं. तेव्हापासून तो झोका कमलबाईच बांधत आल्या. गल्लीतल्या ज्या बाईला माहेर उरलं नाही, तिचा पहिला झोका, हा त्यांनीच घालून दिलेला नियम.

यंदा तो मान दिपमालाचा होता. तिचे वडील हिवाळ्यात वारले. भावांनी आखाजीचा साधा फोनही केला नव्हता.

पण यंदा शहराला चेहरा हवा होता. त्यासाठी समिती बसली होती आणि तिचा अध्यक्ष हितेंद्र, याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. तो कमलबाईंच्या ओट्यावर येऊन पटवू लागला, की नाशिक म्हटलं की द्राक्षं, जळगाव म्हटलं की केळी आणि सोनं. धुळं म्हटलं की बाहेरचे लोक विचारतात, ते कुठे आलं? शहर वाढतंय, त्याला ओळख नको का? म्हणून आखाजी महोत्सव.

कमलबाईंनी ऐकून घेतलं. ओळख नाही म्हणून इथून कोणी गेलं नाही, पोरं गेली ती काम नाही म्हणून, एवढंच त्या म्हणाल्या. हितेंद्र हसला. अक्कांचं बोलणं तो लहानपणापासून हसण्यावारी नेत आला होता.

आखाजीला सकाळी त्या दिपमालाला घेऊन निंबाखाली गेल्या, तर झोका आधीच बांधलेला. दोरांना झेंडूच्या माळा, पाटावर मखमल, मागे शहराचं नाव लिहिलेला भलामोठा फलक. आणि पुढे पाटी : ‘झोक्यावर बसू नये. फक्त फोटोसाठी.’ भाड्याने आणलेल्या दोन मुली नऊवारी नेसून पाहुण्यांची वाट बघत होत्या.

‘‘अक्का, पाहुणे येऊन जाऊ द्या,’’ हितेंद्र म्हणाला. ‘‘मग दिवसभर बसा.’’

दिपमाला मागे वळू लागली. तिचा पडलेला चेहरा पाहिला आणि कमलबाईंचं डोकं फिरलं. ज्या पोरींसाठी हा झोका, त्यांनीच रांगेत उभं राहायचं? आणि त्यांच्या नावावर शहर मिरवणार?

‘‘हाऊ झोका फोटोना नई शे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरीसना शे.’’

त्यांनी मखमल काढून बाजूला ठेवली, दिपमालाला पाटावर बसवलं आणि झोका दिला. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. जमलेल्या गल्लीतल्या बायांपुढे समितीने माइक लावला होता आणि हातांत छापील गाणी दिली होती, शहराच्या कौतुकाची. पण आखाजीला बायांनी गाण्यातून कोणालाही शिव्या द्याव्यात आणि त्याने मुकाट ऐकाव्यात, ही इथली जुनी रीत समितीला आठवलीच नव्हती. कमलबाईंनी सूर लावला आणि पहिलंच नाव हितेंद्रचं घेतलं. माहेरवाशिणीचा पाट पळवणारा, माळा घालून दोर विकणारा, आईला दारात उभी करून पाहुण्यांना पाट देणारा. बाया कडव्यामागून कडवं जोडत गेल्या. हितेंद्रला माइक बंद करवेना. त्याची स्वतःची आई पुढे उभी राहून टाळ्या देत होती.

पाहुण्यांना मात्र फार मजा वाटली. ‘‘हेच हवं होतं,’’ त्यांच्यातला एक जण पुढे येऊन म्हणाला. ‘‘आजी, पुन्हा एकदा, पहिल्यापासून. कॅमेरा लावायचा राहिला.’’

हितेंद्रनेही सुटका झाल्यासारखं हात जोडले. ‘‘म्हणा ना, अक्का. गावाचं नाव होईल.’’

त्या शिव्या मनापासून होत्या, हे एकालाही उमगलं नव्हतं. कमलबाईंनी तोंड घट्ट मिटलं. बाकीच्या बायाही गप्प झाल्या. कॅमेरा लावलेला तसाच राहिला आणि निंबाखाली फक्त दोर करकरत राहिले. कमलबाई दिपमालाला झोका देत होत्या, आधीपेक्षा उंच.