भाज्याच्या वरच्या वाडीत

गर्भपाताचा कायदा नुकताच आला होता, त्या हिवाळ्यात मी पुण्याहून भाज्याची लेणी पाहायला निघाले. मळवलीला उतरून गावात पोचते तोच चपलेचा पट्टा तुटला. मागून येणाऱ्या एका नर्सबाईंनी पिशवीतल्या पिनेनं तो जोडून दिला. वरच्या वाडीला निघाल्या होत्या. लेण्यांचं सोडून मी त्यांच्यामागे चढू लागले.

वाडीत कारवीच्या कुडाची (काड्या लिंपून केलेल्या भिंतीची) दहाबारा घरं. एका घरी रखमा भाकरी थापत होती. चार मुलं, पाचव्यांदा दिवस गेलेले. मागच्या बाळंतपणात ती मरणाच्या दारातून परतली होती.

नर्सबाई चुलीपाशीच बसल्या. मला गरम नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मिळाली. बाई काही विचारत नव्हत्या. शेवटी रखमाच बोलली, "बाई, या येळंला म्या वाचायची न्हाई. मुळी आणून ठिवलीया."

"ती खाऊ नकोस. आता सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोकळं करतात. मी येते बरोबर."

"पाप हाय त्ये," कोपऱ्यातून सासू म्हणाली.

दारात उभा असलेला नवरा म्हणाला, "माजी सही लागंल न्हवं?"

"नाही. अंगठा हिचा एकटीचा."

मग म्हातारी उठली, शिंक्यामागची मुळी काढली आणि चुलीत घातली. "माजी थोरली लेक ह्याच मुळीनं गेली," ती म्हणाली. "जा गं तू. पोरं म्या बघते."

नवराही बरोबर निघाला, आणि दुपारच्या गाडीनं आम्ही चौघं पुण्याला आलो. गाडीत रखमानं माझा हात घट्ट धरला होता.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले, तर ती व्हरांड्यातल्या उन्हात बसून केस विंचरत होती. नवरा नर्सबाईंना म्हणत होता, "हिला आनखी कापू नका. पोरं थांबवायचं आपरेशन माजंच करा. फकस्त डोंगर चढता येईल ना?"

"आठ दिवसांनी मोळीसुद्धा उचलशील," बाई हसल्या, आणि पिशवी उचलून मळवलीच्या गाडीला निघाल्या.

मी घरी परतले. लोकसंख्येवरची व्याख्यानं पुण्यात मी पुष्कळ ऐकली होती. नर्सबाईंच्या तोंडी तो शब्द एकदाही आला नव्हता. त्या सगळा वेळ फक्त रखमाबद्दल बोलत होत्या.